शाळेची बातमी उसाच्या फडापर्यंत : मुलांचं वार्तापत्र कसं काढावं

दसरा उलटला की आमच्या गावातली घरं एकेक करून कुलपात जातात. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव. निम्म्याहून जास्त घरांतले नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. लेकरं आजीजवळ राहतात, त्यांना हंगामी वसतिगृहाचा आधार असतो. पाडव्याच्या आगंमागं माणसं परततात, तोवर शाळेचं अर्धं वर्ष त्यांच्या पाठीमागं होऊन गेलेलं असतं. मूल वाचायला लागलं, धावण्यात पहिलं आलं, दात पडला, हे सगळं आईला चार-पाच महिन्यांनी कळतं.

आमच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेचं वार्तापत्र या माणसांसाठी सुरू झालं. ते आता गावाचंही झालं आहे. ज्या गावातून कुणीही बाहेर जात नाही तिथंही ही पद्धत चालते, कारण शेतातून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या बापालाही शाळेत काय चाललं आहे ते ठाऊक नसतंच. शिक्षकांनी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी किंवा एखाद्या उत्साही पालकानं हे काम हाती घ्यायचं असेल तर कुठून सुरुवात करावी, हे आमच्या अनुभवावरून सांगते.

१. वाचणारा आधी ठरवा

बहुतेक शाळांच्या बातम्या केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना दाखवायला लिहिल्या जातात. म्हणून त्यात पाहुणे, हार, नारळ आणि आभार एवढंच उरतं. तो अहवाल वेगळा ठेवा, त्याची गरज असते. वार्तापत्राचा वाचक मात्र एकच धरा: ज्याचं मूल तुमच्या शाळेत आहे आणि जो शाळेत येऊ शकत नाही. आम्ही मुलांना सांगतो, "तुझी आई फडावर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) बसून हे ऐकणार आहे, तिला काय सांगशील?" एवढ्या एका प्रश्नानं निम्मी भाषा आपोआप सुधारते.

वाचक ठरला की आकारही ठरतो. महिन्याला एक अंक, चार पानं, त्याहून जास्त नाही. पाक्षिकाचा हट्ट धरू नका. दोन शिक्षक, पाच वर्ग आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामं, यातून महिन्याला एक अंक नेटानं निघाला तरी पुष्कळ.

२. परिपाठातली बातमी बदला

नवीन तास काढायची गरज नाही. परिपाठात प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष यांच्या जोडीला बातम्या असतातच. बहुतेक ठिकाणी एक मूल वर्तमानपत्रातले मथळे वाचून दाखवतं आणि कुणालाच काही कळत नाही. त्या मथळ्यांतले दोन ठेवा आणि तिसरी बातमी गावाची किंवा शाळेची घ्या. काल शाळा सुटल्यापासून आज भरेपर्यंत काय घडलं, हे रोज एका मुलानं सांगायचं.

पहिले पंधरा दिवस सगळे म्हणतील, "काहीच झालं नाही बाई." थांबा. मग कुणीतरी सांगतं की आमची म्हस याली, हातपंपाचा दांडा तुटला, एसटी आज आलीच नाही. सांगितलेली बातमी त्याच दिवशी एका रजिस्टरमध्ये तारखेसह दोन ओळींत लिहून ठेवा. महिनाअखेरीला अंकाचा कच्चा माल त्यातूनच मिळतो. आम्ही दाराजवळ पत्र्याच्या डब्याची बातमीपेटीही ठेवली आहे. लाजाळू मुलं बोलत नाहीत, पण चिठ्ठी टाकतात. पेटी दर शनिवारी मुलांसमोरच उघडायची.

३. चमू

तिसरी ते पाचवीतली सहा-सात मुलं, दर महिन्याला बदलणारी. दोन बातमीदार, एक चित्रकार, एक सुवाच्य लिहिणारा किंवा लिहिणारी, एक वाचक (हिचं काम पुढं येईल) आणि एक मोजणीदार. मोजणीदार हे पद आमच्याकडं सगळ्यांना हवं असतं, कारण त्याच्या हातात टेप आणि वजनकाटा असतो. परसबागेतली मेथी निघाली की ती किती ग्रॅम भरली, पोषण आहारात आज किती ताटं वाढली, दिंडीत किती पावलं चाललो, हे तो मोजतो. आकडा आला की बातमी खरी वाटते. गणिताचा तासही त्यातच होतो.

हुशार मुलांचा कायमचा चमू करू नका. ज्याला वाचायला जड जातं तो मुलगा सर्वांत चांगला बातमीदार निघू शकतो, कारण तो गावभर हिंडत असतो.

४. बातमी लिहायला शिकवणं

इथं सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि तो द्यावाच. कोण, काय, कुठं, कधी, का, कसं हे सहा प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा. त्यांच्याखाली आम्ही आणखी तीन जोडले आहेत: मोजलं का? कुणाला विचारलं? पुढं काय?

मुलांची पहिली बातमी हमखास अशी येते: "आमच्या शाळेत वृक्षारोपण कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. कार्यक्रमास मान्यवर उपस्थित होते. शेवटी आभार मानून कार्यक्रमाची सांगता झाली." ही भाषा मुलांची नाही, ती त्यांनी आपल्याकडूनच उचलली आहे. त्यामुळं रागावायचं नाही. कागद घेऊन झाडांजवळ जायचं आणि नऊ प्रश्न तिथं उभं राहून विचारायचे. त्याच मुलांनी दुसऱ्या वेळी लिहिलं ते असं:

"सोमवारी आम्ही शाळेमागं ११ झाडं लावली. ६ कडुलिंब, ३ चिंचा, २ जांभळं. खड्डे चौथीतल्या दोघांच्या आजोबांनी खणून दिले. मंगळवारी एका झाडाचा शेंडा शेळीनं खाल्ला. आता कुंपण करायचं आहे. बाभळीच्या फांद्या पाहिजेत."

अंक भिंतीवर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी बाभळीच्या फांद्यांचा भारा पडलेला होता. कुणी टाकला ते चमूनं शोधून काढलं आणि पुढच्या अंकाची पहिली बातमी मिळाली. शाळेला काय लागतं ते नेमकं कळलं तर गाव देतं. 'सहकार्य करावे' एवढ्यावर कुणी उठून येत नाही, कारण काय करायचं हेच त्यातून समजत नाही.

दुरुस्ती किती करावी, यावर शिक्षकांत नेहमी वाद होतो. माझा नियम सांगते. माहिती चुकली असेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय छापायची नाही. शुद्धलेखन मुलासोबत बसून दुरुस्त करायचं, त्याच्या पाठीमागं नाही. बोली मात्र तशीच ठेवायची. 'म्हस याली'चं 'म्हैस व्यायली' केलं की त्या घराला ती आपली बातमी वाटत नाही. बंजारा तांड्यावरची मुलं असतील, खानदेशात अहिराणी बोलणारी असतील, तर एक चौकट त्यांच्या बोलीत ठेवा आणि शेजारी प्रमाण मराठीत अर्थ द्या. पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्र काढायचं आणि सांगायचं. त्यांचं वाक्य बाईंनी जसंच्या तसं खाली लिहायचं, सुधारून नाही.

५. अंक मांडणं

हातानं लिहा. संगणकावर टाइप केलेला अंक देखणा दिसतो, पण तो शेवटी शिक्षकच करत बसतात. हस्तलिखितांची आपल्या शाळांत जुनी परंपरा आहे. साने गुरुजी अंमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. आपल्याला महिन्याचा एक अंक काढायचा आहे.

ए-थ्री आकाराचा कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर समास सोडा, नाहीतर झेरॉक्समध्ये कडेची अक्षरं कापली जातात. लिखाण काळ्या पेननं करा. पेन्सिल फिकी उठते आणि स्केचपेनचे रंग राखाडी होतात. चित्रं रेषांची ठेवा, भरलेली नकोत. अक्षर मोठं हवं, कारण कित्येक आज्या नातवाबरोबर नव्यानं वाचायला शिकत असतात. मूळ रंगीत प्रत शाळेच्या भिंतीवर साडेतीन-चार फुटांवर लावा. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावलेलं भित्तिपत्रक मुलं वाचत नाहीत.

पहिल्या पानावर महिन्याची सर्वांत मोठी बातमी आणि चित्र, आतल्या दोन पानांवर वर्गांच्या, गावाच्या, परसबागेच्या बातम्या. शेवटचं पान दोन स्तंभांचं: 'हवं आहे' आणि 'मिळालं'. झेरॉक्सचा खर्च समग्र शिक्षातून येणाऱ्या शाळा अनुदानातून करायचा असेल तर समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि पावती जपून ठेवा.

६. काय छापू नये

पहिल्या वर्षी आम्ही शंभर टक्के हजेरीवाल्या मुलांची नावं छापली आणि खाली सर्वांत कमी हजेरी असलेल्यांचीही. एका मुलीची आजी तो कागद घेऊन शाळेत आली. तिला महिनाभर ताप होता, नातीशिवाय घरात पाणी आणायला कुणी नव्हतं. ती भांडली नाही, फक्त विचारलं, "बाई, हे माझ्या लेकाला फडावर कळलं का?" कळलं होतं. तेव्हापासून कमी हजेरी, कमी गुण, न वाचता येणं, आजारपण, कर्ज, घरातलं भांडण यातलं काहीही आमच्या अंकात येत नाही. ज्या मुलाची काळजी वाटते त्याच्या घरी आपण पायी जायचं.

देणग्यांचंही तसंच. रकमांच्या उतरत्या क्रमानं याद्या छापू नका. कुणी पंखा दिला, कुणी दोन दिवस मजुरी न घेता भिंतीला गिलावा केला, कुणी रोज संध्याकाळी झाडांना पाणी घातलं, ही नावं एकाच यादीत, अकारविल्हे येऊ द्या.

फोटो आणि आवाजासाठी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, आणि कायदा नसता तरी विचारणं हे साधं माणुसकीचं आहे. संमतिपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात असावं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. ज्या गावातून माणसं जातात तिथं हे काम सप्टेंबरातच उरका. दसऱ्यानंतर सही घ्यायला कुणी सापडत नाही. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव, वाडी आणि घरी एकटं असण्याची वेळ कळेल असं काहीही नको. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मूल ओळखू येईल असा एक शब्दही, कितीही सहानुभूतीनं लिहिलेला असला, तरी छापायचा नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार तो गुन्हा आहे.

७. अंक पोचवणं

झेरॉक्स प्रती मुलांच्या दप्तरातून घरी जातात, पण तेवढ्यावर थांबू नका. दूध संकलन केंद्र, किराणा दुकान, पिठाची गिरणी, ग्रामपंचायतीचा फलक, देवळाचा पार, जिथं माणूस दहा मिनिटं थांबतो तिथं एक प्रत हवी. गिरणी सर्वांत उत्तम, कारण तिथं बायका थांबतात आणि एकमेकींना वाचून दाखवतात.

आता चमूतल्या 'वाचका'चं काम. फडावर कागद पोचत नाही, पोचला तरी वाचायला उजेड नसतो. पीडीएफ पाठवून पाहिली. कुणी उघडली नाही. आवाज मात्र ऐकला जातो. म्हणून प्रत्येक अंकाचा बोलका अवतार करायचा. साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण होतं, फक्त जागा नीट निवडा. वर्गात आवाज घुमतो, पत्र्याच्या छपराखाली वारा वाजतो. आमच्याकडं सर्वांत चांगला आवाज पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत येतो. पोती आवाज शोषून घेतात. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरायचा. एका बातमीची एक फीत, प्रत्येकी मिनिटभराची. सगळा अंक एका लांब फितीत घातला तर मध्येच गाडी आली की राहून जातो. सुरुवातीला मुलानं स्वतःचं नाव आणि तारीख सांगायची. अडखळलं तर परत घ्यायचं, पण अतिशय सफाईदार होईपर्यंत घासू नका. आईला तिच्या लेकराचं अडखळणंही हवं असतं.

कधी पाठवायचं, हेही पाहा. तोडणीवाले पहाटे अंधारातच फडात जातात, गाडी भरायला कोणत्याही वेळी बोलावणं येतं. संध्याकाळी चुली पेटतात ती वेळ आम्हाला सापडली. टोळीत चांगला मोबाइल एखाद-दोघांकडंच असतो. जाण्याआधी त्यांचे क्रमांक घेऊन ठेवा आणि सगळ्यांना ऐकवायची गळ घाला. मुकादमाचा, म्हणजे टोळीला कामावर नेणाऱ्याचा, मोबाइल हा एकच मार्ग ठेवू नका. उचल, म्हणजे मजुरीतली आगाऊ रक्कम, त्याच्याकडून घेतलेली असते, कामाचा हिशेब त्याच्याशी असतो. लेकराची खबरही त्याच्याच हातून यावी, हे मला पटत नाही. व्हॉट्सअॅप गटात फक्त शाळेनं पाठवायची मुभा ठेवा, नाहीतर शुभ सकाळच्या चित्रांत मुलांचे आवाज बुडतात.

८. उलटी बातमी

हे आम्हाला सुचलं नव्हतं, एका आईनं सुरू केलं. फीत ऐकून तिनं उत्तरादाखल आवाज पाठवला: थंडी फार आहे, आज दोन गाड्या भरल्या, कोपीजवळ कुत्रीला चार पिलं झालीत. तिच्या तिसरीतल्या मुलानं ते चार वेळा ऐकलं आणि कुणी न सांगता लिहून काढलं. त्याच्या वहीत तोवर सलग तीन वाक्यं कधी आली नव्हती.

तेव्हापासून 'फडावरून' हे सदर आहे. पालकांचा आवाज मुलं वर्गात ऐकतात, लिहितात, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या नकाशावर त्या गावी टिकली लावतात. वाडे (उसाचे हिरवे शेंडे) म्हणजे काय, मोळी कशी बांधतात, बैलगाडीत किती ऊस मावतो, हे विचारणारे प्रश्न मुलं परत पाठवतात. भूगोल, भाषा, गणित तिथंच होतं. पण उचल किती घेतली, मजुरी किती सुटली हे कुणी सांगितलं तरी छापायचं नाही. आणि ज्या मुलांच्या पालकांचा आवाज कधी येत नाही, त्यांच्यासाठी आधीच तजवीज करा. आम्ही त्या मुलांना गावातल्या कुणा काकाची, सुईणीची, एसटीच्या वाहकाची मुलाखत देतो, म्हणजे त्यांचंही सदर भरतं.

९. समिती आणि ग्रामसभा

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं, पण ते गावाला कळत नाही. प्रत्येक बैठकीच्या तीन ओळी अंकात द्या: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि पुढच्या अंकात झालं की नाही ते. हे सदर चालवणं सर्वांत अवघड, कारण 'झालं नाही' असंही लिहावं लागतं. लिहा. आमचं मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार तीन अंक 'झालं नाही'मध्ये राहिलं आणि चौथ्यात बसलं.

हंगामात पालक सदस्यच फडावर असतात. कायद्यात आई-वडिलांबरोबर पालनकर्ताही आहे, तेव्हा लेकरं सांभाळणाऱ्या आज्यांना समितीत आणा आणि बैठक त्यांच्या वेळेला घ्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तिथं चमूतल्या दोघांना अंक वाचायला पाच मिनिटं मागून घ्या. मोठी माणसं मुलांसमोर आश्वासन देताना जपून देतात आणि दिलेलं पाळायला बघतात.

१०. वर्षाचा क्रम

जूनमध्ये पहिलीच्या नव्या मुलांचा अंक, आषाढीला दिंडीचा, सप्टेंबरात निघणाऱ्यांसाठी निरोपाचा. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला त्या वर्षीची पहिली फीत फडावर जाते. जानेवारीचा अंक ६ तारखेला काढतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, म्हणून त्या दिवशी मुलांना वर्तमानपत्राची गोष्ट सांगता येते. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंतीही त्यातच येते, त्या दिवशी मुली आपल्या आजीला विचारतात, "तू शाळेत का नाही गेलीस?" ती उत्तरं वाचताना आम्हा दोघा शिक्षकांचे डोळे भरून आले आहेत. आनंद बाजार भरवला तर त्याचा जमाखर्च मुलांनीच मांडायचा आणि तोट्यासकट छापायचा.

पाडव्यानंतरचा अंक परतलेल्यांसमोर पारावर मोठ्यानं वाचायचा. ज्यांनी पाच महिने नुसता आवाज ऐकला त्यांना कागद तेव्हा पहिल्यांदा हातात मिळतो. परीक्षेच्या महिन्यात अंक निघाला नाही तरी चालेल, तसं भिंतीवर दोन ओळींत सांगून टाका.

शेवटचं काम मे महिन्यात. वर्षाचे सगळे अंक क्रमानं लावून सुतळीनं शिवा. एक गठ्ठा शाळेत दाराजवळ खिळ्याला, एक ग्रामपंचायतीत. नव्या चमूला जूनमध्ये पहिलं काम द्यायचं ते हेच: मागच्या अंकांतली एक बातमी निवडा आणि आज तिचं काय झालं ते पाहून या. यंदाच्या चमूनं झाडांची बातमी निवडली आणि मुलं टेप घेऊन शाळेमागं गेली. अकरापैकी आठ झाडं उभी आहेत. शेळीनं खाल्लेलं कडुलिंब मोजणीदाराच्या खांद्यापर्यंत आलं आहे.